गोठ्याकडे जाणारी पुरलेली पाइपलाइन

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला जमिनीखालची पाइपलाइन नवी नाही. कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी सहकारी व खासगी उपसा योजनांनी नदीचे पाणी लांबलांबच्या माळांवर चढवले, आणि त्या कामातून चर खोदणारे, पाइप जोडणारे व नुसत्या नजरेने उताराचा अंदाज बांधणारे कारागीर गावोगाव तयार झाले. तरीही पिकासाठी गाडलेली लाइन आणि जनावरांसाठी गाडलेली लाइन या एकाच जातीच्या वस्तू नव्हेत. पिकाच्या पाण्याला पाळी असते; लाइन फुटली तर दुरुस्तीसाठी दोन दिवस थांबता येते, आणि एखाद्या जोडातून पाणी झिरपले तरी ते शेतातच मुरते. गोठ्याची लाइन मात्र बारा महिने, रात्रंदिवस भरलेली आणि दाबाखाली असते, तिच्यातले पाणी पिण्याचे असते आणि उन्हाळ्यात ती अर्धा दिवस जरी बंद पडली तरी त्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दुधाच्या मापात दिसतो. त्यामुळे शेतात उरलेले पाइप जोडून, भिजवणीच्या लाइनला मध्येच एक टी मारून गोठ्यात पाणी नेण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती स्वस्त वाटली तरी बहुतेक वेळा चुकीची ठरते.

या लाइनचे माप कशावरून ठरवायचे, हा पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, आणि हे पाणी गाईला पिण्यातून व चाऱ्यातून मिळवावे लागते. शिवाय शेण, मूत्र, श्वास आणि घाम यांवाटे बाहेर पडणारे पाणी वेगळे. भाकड किंवा कामाच्या देशी जनावराला साधारण ३० ते ५० लिटर पाणी रोज पुरते, तर दिवसाला १५ ते २० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला ८० लिटर आणि कडक उन्हाळ्यात १०० लिटर किंवा त्याहूनही अधिक लागते. शेळी-मेंढीची गरज हवामान व चाऱ्याप्रमाणे ५ ते १० लिटरांच्या आसपास असते. जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे, हे लक्षात घेतले तर एक दुभती संकरित गाय पाण्याच्या बाबतीत घरातल्या माणसाहून मोठी ग्राहक आहे, हे स्पष्ट होते. खिल्लार किंवा लाल कंधारी गाय सांभाळणाऱ्या जुन्या घरात ही बाब जाणवत नसे, कारण ती जनावरे उष्णता सोसणारी, कमी दुधाची आणि दिवसातून दोनदा ओढ्यावर किंवा विहिरीजवळच्या दगडी डोणीवर जाऊन पाणी पिणारी होती. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफसारख्या संस्थांनी संकरीकरण गावोगाव पोहोचवले, होल्स्टीन आणि जर्सी रक्ताच्या गाई दारात आल्या, आणि त्यांच्याबरोबर पाण्याची मागणीही दारात आली. पाणी पोहोचवण्याची व्यवस्था मात्र बऱ्याच ठिकाणी बादलीवरच राहिली.

गरज रोजची म्हणून मोजली तर पाइपचे माप हमखास चुकते. वीस दुभत्या गाईंचा गोठा धरला आणि प्रत्येकीला ८० लिटर धरले, तर दिवसाची गरज १६०० लिटर होते. चोवीस तासांवर वाटल्यास ती मिनिटाला जेमतेम १.१ लिटर भरते आणि कोणताही बारीक पाइप तेवढे पाणी सहज देईल असे वाटते. परंतु गाय चोवीस तास थेंबथेंब पाणी पीत नाही. धार काढून सुटल्यावर आणि वैरण खाल्ल्यावर तिला तीव्र तहान लागते, आणि दिवसभराच्या पाण्याचा मोठा वाटा ती याच वेळी पिते. तहानलेली मोठी गाय मिनिटाला १० ते २० लिटर पाणी ओढू शकते. मुक्त गोठ्यात, म्हणजे जिथे गाई दावणीला न बांधता कुंपणाच्या आत मोकळ्या सोडलेल्या असतात अशा गोठ्यात, धार संपताच सगळा कळप हौदाकडे जातो. वीस गाई पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकी ३० लिटर प्यायल्या तर ६०० लिटर, म्हणजे मिनिटाला २० लिटर पाणी लागते, आणि त्यातही दोन गाई एकाच वेळी जोर लावून पीत असतील तेव्हा मागणी मिनिटाला ३० लिटरांवर जाते. लाइनचे माप या तहानेच्या तासाला धरून ठरवायला हवे. हौद रिकामा झाला तर कळपातल्या वरचढ गाई आधीच पिऊन गेलेल्या असतात आणि मागे राहिलेल्या पहिलारू व दबलेल्या गाई तळाचे गढूळ पाणी चाटून परत फिरतात. मालकाला मात्र तासाभराने हौद पुन्हा काठोकाठ भरलेला दिसतो आणि पाण्याची काही अडचण आहे अशी शंकाही येत नाही.

आता हाच गोठा समोर ठेवून पाइपचा हिशेब करता येतो. समजा साठवण टाकी गोठ्यापासून १५० मीटरवर आहे आणि तिचा तळ हौदाच्या पातळीपेक्षा ६ मीटर उंच आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब. त्यामुळे येथे उपलब्ध दाब अवघा ०.६ किलो आहे. पाणी पाइपमधून वाहताना पाइपच्या भिंतीशी घर्षण होते आणि त्यात या दाबाचा काही भाग खर्च होतो. अभियंते या खर्चाला घर्षणहानी म्हणतात आणि ती पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्येच मोजतात. मिनिटाला ३० लिटर पाणी न्यायचे असेल तर बाहेरून ३२ मिलिमीटर आणि आतून सुमारे २६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये दर १०० मीटरला ४ मीटरच्या आसपास घर्षणहानी होते, म्हणजे १५० मीटरमध्ये हातातली ६ मीटर उंची पूर्ण संपते आणि हौदाच्या व्हॉल्व्हसाठी काहीच उरत नाही. त्याऐवजी ४० मिलिमीटरचा पाइप घेतला, ज्याचा आतला व्यास सुमारे ३३ मिलिमीटर असतो, तर तीच हानी १५० मीटरला २ मीटरपेक्षा कमी होते आणि ४ मीटर उंची शिल्लक राहते. उलट २५ मिलिमीटरचा पाइप टाकला तर पूर्ण ६ मीटर उंची खर्ची घालूनही त्यातून मिनिटाला १५ लिटरांहून जास्त पाणी येऊ शकत नाही, आणि व्हॉल्व्ह व वळणांची वजावट केल्यावर ते आणखी कमी होते. फसवणूक नेमकी येथे होते, कारण मिनिटाला १५ लिटर म्हणजे तासाला ९०० लिटर, आणि दिवसाची १६०० लिटरची गरज तर दोन तासांच्या आत भागते, असे कागदावर दिसते.

या हिशेबामागचा नियम असा की पाण्याचा प्रवाह तोच ठेवून पाइपचा आतला व्यास दुप्पट केला तर घर्षणहानी सुमारे तीस पटींनी घटते, त्यामुळे एकच माप वर चढल्याने पडणारा फरक अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा असतो. चर खोदण्याचा, वाळू आणण्याचा व मजुरीचा खर्च पाइपच्या मापाने फारसा बदलत नाही, पाइपच्या किमतीतला फरक मात्र एकदाच सोसावा लागतो; म्हणून गुरुत्वाने, म्हणजे केवळ उंचीच्या जोरावर चालणाऱ्या लाइनसाठी मापात काटकसर करू नये, हे ठामपणे सांगायला हवे. काटकसर करायचीच असेल तर ती टाकीच्या जागेत करता येते, कारण टाकी गोठ्याच्या जवळ किंवा उंचवट्यावर घेतल्यास पाइप लहान पुरतो. टाकीशिवाय थेट पंपावरून हौद भरण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. शेतीपंपांना अनेक भागांत दिवसा ८ किंवा रात्री १० तास अशी आळीपाळीने वीज मिळते आणि गाईंची तहान त्या वेळापत्रकाने येत नाही. किमान दोन दिवस पुरेल एवढा साठा, म्हणजे या गोठ्यासाठी साधारण ३२०० लिटर, उंचीवर असलेला बरा, आणि गोठा धुण्याचे पाणी त्यात धरू नये.

पाइप जमिनीत पुरण्याची कारणे प्रदेशागणिक बदलतात. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत आणि आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात जमीन बऱ्याच खोलीपर्यंत गोठते, पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान वाढते आणि पाइप फुटतात, म्हणून तेथे गोठण्याच्या थराखाली लाइन न्यावी लागते. महाराष्ट्रात हे कारण लागू नाही. येथे शत्रू ऊन आहे. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, तेव्हा बांधावरून नेलेला काळा पाइप हात टेकवता येणार नाही इतका तापतो. वरच्या उदाहरणातल्या १५० मीटर लांबीच्या ४० मिलिमीटरच्या पाइपमध्ये सुमारे १२८ लिटर पाणी मावते, आणि दुपारी पहिली गाय हौदाशी येते तेव्हा हेच तापलेले १२८ लिटर पाणी आधी हौदात पडते. उष्णतेने धापणारी गाय अशा पाण्याला तोंड लावून मागे फिरते, कमी पिते, आणि कमी प्यायल्यामुळे कमी खाते. जमिनीत मात्र दिवसरात्रीच्या तापमानातला चढउतार वरच्या काही सेंटिमीटरांतच विरत जातो आणि साधारण अर्ध्या मीटरखाली तो जवळजवळ नाहीसा होतो; तेथपर्यंत दुपार पोहोचतच नाही. एवढ्या खोलीवरच्या पाइपमधले पाणी उन्हाळ्यातही जनावराला पटेल इतके गार राहते. याशिवाय बांधावरच्या पाइपला घुशी कुरतडतात, उसाचे पाचट पेटवताना तो वितळतो, औताखाली सापडतो आणि ऊन खाऊन काही वर्षांत ठिसूळ होतो.

खोली ठरवताना नांगराकडे पाहावे. नेहमीची नांगरट २० ते ३० सेंटिमीटर खोल जाते, पण उसाच्या किंवा कडक झालेल्या रानात सबसॉयलर चालवला तर त्याचा फाळ ४५ सेंटिमीटरच्या खाली उतरतो. म्हणून पाइपच्या माथ्यावर किमान ६० सेंटिमीटर माती असावी आणि जिथून ऊस भरलेली ट्रॉली किंवा वैरणीचा ट्रक जाणार असेल तिथे ती ९० सेंटिमीटर असावी. शिवाय अशा वाटेखाली पाइप एखाद्या मोठ्या लोखंडी किंवा सिमेंटच्या नळीतून ओवून न्यावा, म्हणजे चाकांचा भार त्या बाहेरच्या नळीवर पडतो आणि पुढे पाइप बदलावा लागला तर रस्ता न खोदता तो ओढून काढता येतो.

पाइपची निवड प्रामुख्याने दोन प्रकारांत होते. पहिला कडक पीव्हीसीचा, राखाडी रंगाचा, सहा मीटरच्या आसपास लांबीच्या तुकड्यांत मिळणारा आणि सोल्युशनने चिकटवला जाणारा. त्याचे भारतीय मानक आयएस ४९८५. दुसरा एचडीपीईचा, काळा, लवचिक, वेटोळ्यात येणारा. त्याचे मानक आयएस ४९८४. दुकानात शेतकरी 'चार केजीचा' किंवा 'सहा केजीचा' पाइप मागतो, तेव्हा ते पाइपचे वजन नसून २७ अंश तापमानाला तो दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाब सुरक्षितपणे सोसेल याचे माप असते. सहा केजी म्हणजे पाण्याची ६० मीटर उंची. तापमान वाढले की प्लॅस्टिकची ही ताकद घटते, आणि उन्हात पडलेला पाइप त्याच्यावर छापलेला दाब सोसेलच असे नाही. गुरुत्वाच्या लाइनमध्ये दाब एक किलोच्याही आत असल्याने चार केजीचा पाइप पुरेल असे वाटते, पण जमिनीखाली पाइपवर बाहेरून मातीचाही भार असतो आणि पातळ भिंतीचा पाइप त्याखाली दबून लांबट होतो. म्हणून सहा केजीच्या खाली जाऊ नये. दोहोंपैकी एचडीपीईचा गुण असा की वेटोळ्यातला पाइप एकसंध असल्याने जमिनीखाली जोड फार कमी राहतात, आणि पुरलेल्या लाइनमध्ये बहुतेक गळती जोडांतूनच होते.

हा गुण काळ्या जमिनीत विशेष मोलाचा ठरतो. दख्खनच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. ती पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते, आणि उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात त्यांतल्या काही हात जाईल इतक्या रुंद आणि मीटरभर खोल असतात. अशा जमिनीत पुरलेला पाइप दरवर्षी पावसाळ्यात दाबला जातो आणि उन्हाळ्यात ओढला जातो. चिकटवलेला पीव्हीसीचा जोड ही ओढाताण काही वर्षे सोसतो आणि मग सॉकेटच्या तोंडाशी तडकतो. काळ्या रानात म्हणूनच चराच्या तळाशी १० सेंटिमीटर वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम पसरावा, पाइपच्या दोन्ही बाजूंनी तोच भरावा आणि माथ्यावर आणखी १५ सेंटिमीटर देऊन मगच काळी माती लोटावी, म्हणजे मातीची हालचाल थेट पाइपला धरत नाही. माळरानावर अडचण उलटी असते. तेथे फूटभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो, ब्रेकर लावूनही चर पुरेसा खोल होत नाही, आणि खोदून निघालेले अणकुचीदार दगड तसेच परत लोटले तर ते पाइपला टोचत राहतात. दगडाच्या टोकावर टेकलेला पाइप वरच्या भाराने त्याच ठिकाणी वर्षा-दोन वर्षांनी फुटतो. येथे वाळूचे अंथरूण व पांघरूण दोन्ही अपरिहार्य आहेत, आणि खोली अगदीच कमी पडत असेल तर वाळूवर फरशी किंवा काँक्रीटचा थर देणे भाग पडते. कोकणात व गोव्यात जांभा खोदायला तुलनेने सोपा असतो, पण उतारावरचा चर पावसाळ्यात ओढाच होऊन बसतो, म्हणून भराव थराथराने ठोकून घ्यावा आणि चराच्या वाटेत मधूनमधून दगडांचे आडवे बांध घालावेत.

चर खोदून झाल्यावर पाइप कोणत्या वेळी पुरावा, या एका बारकाव्याने अनेक चांगल्या लाइनी बिघडल्या आहेत. एचडीपीई तापमानाने पुष्कळ लांबतो आणि आकसतो. एक अंश फरकाला मीटरमागे सुमारे ०.२ मिलिमीटर. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण मे महिन्यातल्या दुपारी वेटोळे सोडून, पाइप ताणून सरळ करून, १०० मीटरवर नेमका कापून कपलरमध्ये घट्ट बसवला आणि संध्याकाळी त्यात विहिरीचे गार पाणी सोडले, तर वीस अंशांच्या फरकाने तो ४० सेंटिमीटर आखूड होऊ पाहतो. चरात तो आधीच बुजवला असेल तर त्याला सरकायला जागा नसते, आणि सगळी ओढ दोन टोकांच्या जोडांवर येते. मग टोकाचा कपलर त्याच रात्री किंवा पहिल्या थंडीत निसटतो आणि दोष कपलरच्या कंपनीला दिला जातो. योग्य रीत अशी की पाइप चरात नागमोडी सोडावा, हातभर जास्तीची लांबी राहू द्यावी, रात्रभर तसाच निवू द्यावा आणि पहाटेच्या गारव्यात जोड पक्के करून सूर्य वर येण्याआधी पहिला भराव द्यावा. पीव्हीसीच्या बाबतीत काळजी वेगळी: सोल्युशन लावण्याआधी दोन्ही तोंडे कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावीत, कारण मातीचा एक कण किंवा ओलावा जोड कच्चा ठेवतो, आणि जोडल्यावर पूर्ण दिवसभर त्यात दाबाचे पाणी सोडू नये.

कमी दाबाच्या लाइनमध्ये पाणी न येण्याचे सर्वांत गूढ वाटणारे कारण हवा असते. लाइन एखाद्या उंचवट्यावरून जाऊन पुन्हा खाली उतरत असेल तर त्या माथ्यावर हवेचा फुगा अडकतो आणि पाइपची वाट अरुंद करतो. टाकी भरलेली, कुठे गळती नाही, आणि तरीही हौदात करंगळीएवढी धार पडते. शक्य तिथे चराचा उतार टाकीपासून हौदापर्यंत सलग ठेवावा. ते शक्य नसेल तर प्रत्येक माथ्यावर हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवावा आणि प्रत्येक खोलगट जागी गाळ काढण्यासाठी वॉशआउट, म्हणजे उघडून लाइन धुता येईल असा व्हॉल्व्ह, ठेवावा. प्रत्येक फाट्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा, नाहीतर एका हौदाच्या दुरुस्तीसाठी सगळी जनावरे तहानलेली राहतात. हे व्हॉल्व्ह मातीत न गाडता विटांच्या किंवा सिमेंटच्या कड्यांच्या चेंबरमध्ये, वर झाकण ठेवून बसवावेत.

लाइनचे शेवटचे दोन मीटर सर्वांत जास्त मोडतात, कारण तेथे पाइप जमिनीतून वर येतो आणि जनावराच्या आवाक्यात येतो. म्हैस तर दिसेल त्या उभ्या पाइपला अंग घासते. हा उभा भाग जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा असावा, तो हौदाच्या भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये बुजवावा, आणि पाणी भरताच आपोआप बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह जनावराच्या तोंडाबाहेर, जाळीच्या किंवा फरशीच्या आड ठेवावा. पाण्याचे तोंड हौदातल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा काही सेंटिमीटर उंच असणे आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. ते पाण्यात बुडालेले असेल आणि वर कुठेतरी लाइन फुटून दाब पडला, तर हौदातले लाळ, चारा व शेण मिसळलेले पाणी उलटे ओढले जाऊन लाइनमध्ये, आणि घराचा नळ त्याच टाकीवर असेल तर स्वयंपाकघरातही पोहोचू शकते. लेप्टोस्पायरोसिस किंवा साल्मोनेलोसिस यांसारखे जनावरांकडून माणसाकडे येणारे रोग लक्षात घेता, घराच्या फाट्यावर पाणी उलटे न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही असलाच पाहिजे.

हौद मोठा की लहान, या प्रश्नाचे उत्तर पाइपच्या मापाशी बांधलेले आहे. पाइप बारीक असेल तर उणीव भरून काढायला हजार-दोन हजार लिटरचा हौद बांधावा लागतो, त्यातले पाणी दिवसचे दिवस बदलत नाही, शेवाळ धरते आणि डासांची पैदास होते. पाइप पुरेसा असेल तर २०० ते ३०० लिटरचा उथळ हौद पुरतो, तो सतत ताज्या पाण्याने भरत राहतो आणि आठवड्यातून दोनदा रिकामा करून घासणे एका माणसाला जमते. आतून दर पंधरवड्याला चुना लावण्याची जुनी पद्धत शेवाळ रोखण्यासाठी आजही उत्तम आहे. हौदाभोवती दोन-तीन मीटरचा खरबरीत काँक्रीटचा किंवा दगडी फरसबंदीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करावा, कारण सतत ओल्या चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावरांचे खूर मऊ पडून सडतात.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात लाइन टाकण्याआधी पाणी तपासणे टाळता येत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आत असतील तर ते जनावरांना निर्धोक मानले जाते, ३००० पर्यंत सुरुवातीला पातळ शेण होऊन जनावर सरावते, आणि ५००० च्या पुढे दुभत्या व गाभण जनावरांना धोका वाढत जातो. अशा भागात लांबच्या गोड्या विहिरीवरून दीड-दोन किलोमीटर लाइन आणण्याचा खर्च दुधाच्या हिशेबात परवडतो की नाही, याचा विचार जवळच्या खाऱ्या बोअरवर पाइप जोडण्यापूर्वी व्हायला हवा.

चर पूर्ण बुजवण्याआधी लाइनची दाबचाचणी घ्यावी. पाइपच्या मधल्या भागावर माती टाकून तो जागी धरावा, जोड मात्र उघडे ठेवावेत. टोकाचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून सावकाश पाणी भरावे म्हणजे हवा निघून जाते, आणि मग हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही तास दाबमापकाचा काटा पाहावा. काटा उतरला तर प्रत्येक जोड कोरड्या हाताने चाचपावा. चाचणीत उतरलेल्या लाइनचे निर्जंतुकीकरण दहा रुपयांच्या ब्लीचिंग पावडरमध्ये होते: वरच्या १२८ लिटर क्षमतेच्या लाइनला सुमारे २५ ग्रॅम पावडर पाण्यात कालवून, निवळ गाळून भरावी, चोवीस तास तशीच ठेवावी आणि वास जाईपर्यंत धुऊन काढावी, तोपर्यंत हौदाकडे जनावर सोडू नये. पाइपच्या माथ्यावर ३० सेंटिमीटर भराव झाल्यावर रंगीत सूचनापट्टी अंथरावी आणि पाइपबरोबर एक तांब्याची तार टाकावी, कारण प्लॅस्टिकचा पाइप धातुशोधकाला दिसत नाही. चर उघडा असतानाच विहिरीचा कठडा, विजेचा खांब, घराचा कोपरा अशा न हलणाऱ्या खुणांपासून प्रत्येक वळणाचे व चेंबरचे अंतर टेपने मोजून नकाशा करावा आणि छायाचित्रे घ्यावीत. झाडापासून किंवा बांधापासून घेतलेली मापे दहा वर्षांनी उपयोगी पडत नाहीत, कारण झाड तोडले जाते आणि बांध सरकतो.

पुरलेल्या लाइनची गळती डोळ्यांना दिसत नाही आणि ती किती मोठी असू शकते याची कल्पना सहसा येत नाही. एखाद्या जोडातून मिनिटाला एक लिटर पाणी झिरपत असेल तर दिवसाला १४४० लिटर जाते, म्हणजे वीस गाईंच्या दिवसभराच्या पाण्याच्या जवळपास तेवढे, आणि मुरमाड जमिनीत त्याचा ओलावाही वर येत नाही. महिन्यातून एकदा रात्री सगळे हौद भरल्यावर त्यांचे व्हॉल्व्ह बंद करावेत, टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे ती पुन्हा पाहावी. पातळी उतरली असेल तर एकेक फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करून हीच तपासणी पुढच्या रात्री करत गेल्याने गळतीची लांबी शे-पन्नास मीटरवर येते आणि नकाशा हाताशी असल्यास खोदकाम दोन-तीन जागीच करावे लागते. गोठा वाढण्याची शक्यता असेल तर शेवटच्या हौदापाशी एल्बोऐवजी टी बसवून तिच्या मोकळ्या तोंडाला व्हॉल्व्ह व बूच लावून ठेवावे आणि मुख्य लाइनचे माप पुढच्या दहा जनावरांना धरून एक पायरी मोठे घ्यावे, म्हणजे नव्या शेडसाठी सगळा चर पुन्हा उकरावा लागत नाही.